नाशिक: ३ फुटी रीफ (प्रवाळांची) टाकी, २० वा दिवस. अमोनिया शून्य, नायट्राइट पट्टीबाहेर, पाणी ३०.५ अंश

इंदिरानगर_३फुटी

गोड्या पाण्याची सवय आहे, खाऱ्याची पहिलीच टाकी. जे मोजलं ते सगळं देतो.

टाकी ३ × १.५ × १.५ फूट, १० मिमी काच, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी). दोन्हीत मिळून प्रत्यक्ष पाणी २०० लिटर (भरताना २० लिटरच्या जारने मोजलंय). सुका सच्छिद्र कृत्रिम दगड १४ किलो, अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू १६ किलो. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर आणतो), एक वेव्हमेकर (टाकीत प्रवाह करतो), स्किमर (फेसातून घाण काढतो). दिवे रोज ८ तास.

पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. नळाचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम) १६८, आरओचा ४२. रीफ मीठ ७.५ किलो लागलं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२५.

सायकल (बॅक्टेरिया वाढवायचे, ते अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करतात) मासे नसतानाच चालू केली. पहिल्या दिवशी अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) केला आणि बॅक्टेरियाची बाटली ओतली. गोड्या टाकीच्या कॅनिस्टर फिल्टरमधल्या मुरलेल्या सिरॅमिक रिंगांची एक पिशवी सम्पमध्ये ठेवली. ११ व्या दिवशी अमोनिया ०.२५ च्या खाली आला म्हणून पुन्हा २ पीपीएम. आज २० वा दिवस:

अमोनिया ०
नायट्राइट ५ च्या वर, गडद जांभळा
नायट्रेट ५० ते १०० च्या मध्ये कुठेतरी
पीएच ७.९, केएच (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) ७.१ (मिठाच्या पिशवीवर ८.५ छापलंय)
तापमान सकाळी २८, संध्याकाळी ३०.५

प्रश्न: अर्धं पाणी बदलून नायट्राइट खाली आणू का? केएच कशाने पडला? चिलर आत्ताच घ्यावा लागेल की पंख्यावर भागेल? दगडावर तपकिरी थर धरायला लागलाय, तो काय? आणि मासे कधी?

---

मीठ_पस्तीस

आधी हिशोब करू, म्हणजे अर्धी काळजी आपोआप मिटेल.

तुम्ही एकूण ४ पीपीएम अमोनिया टाकलात. २ पीपीएम अमोनिया पूर्ण जळला की त्यातून साधारण ७ पीपीएम नायट्रेट होतं. म्हणजे तुमच्या टाकीत सगळंच्या सगळं नायट्रेट झालं असतं तरी आकडा १४ च्या आसपास थांबला असता. रिंगांमधल्या गाळाने थोडी भर घातली असेल, पण त्याने १४ चे ७० होत नाहीत. मग किट ५० ते १०० का दाखवतंय? कारण नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग रंग आणतं. पाण्यात आयतं नायट्राइट असलं की तेही त्यात मोजलं जातं, आणि कितीतरी पटीने जास्त. नायट्राइट शून्याला येईपर्यंत नायट्रेटचं किट उघडूच नका, रसायन वाया जाईल.

नायट्राइटचं: ४ पीपीएम अमोनियातून जास्तीत जास्त १० पीपीएम नायट्राइट होऊ शकतं. ५ च्या वर रंग सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे आज ९ आहे आणि परवा ६ झालं तरी तुम्हाला 'उतरेना' असंच वाटणार. १ मिली टाकीचं पाणी आणि ९ मिली आरओचं पाणी मिसळून टेस्ट करा, आकड्याला १० ने गुणा. दर दोन दिवसांनी हाच आकडा लिहून ठेवा.

आता महत्त्वाचं. गोड्या पाण्यात ५ पीपीएम नायट्राइट म्हणजे मासे गेलेच. खाऱ्या पाण्यात तसं नाही. नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून ज्या वाटेने आत शिरतं त्याच वाटेने क्लोराइडही शिरतं, आणि समुद्राच्या पाण्यात क्लोराइड १९,००० पीपीएमच्या घरात. त्या गर्दीत ५-१० पीपीएम नायट्राइटला जागाच मिळत नाही. म्हणून पाणी बदलून ते खाली आणायचा आटापिटा नको. बदललंत म्हणून सायकल मोडणार नाही, बॅक्टेरिया पाण्यात नसतात, दगडावर आणि वाळूवर असतात. पण साडेतीन-पावणेचार किलो मीठ गटारात जाईल. पाणी बदलायला तुमच्याकडे दुसरं कारण आहे, ते टीडीएसचं. त्यावर कोणीतरी लिहीलच.

नायट्राइट खरंच अडलं असेल तर फॉस्फेट तपासा. सुका दगड, नवं मीठ, मासा एकही नाही, अशा टाकीत फॉस्फेट अगदीच शून्य असतं आणि नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया त्याच्याशिवाय वाढत नाहीत. शून्य आलं तर माशांचं खाद्य चिमूटभर टाका, पुरतं.

केएच: अमोनिया जळताना आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. दर २ पीपीएमला साधारण ०.६ डिग्री. दोनदा टाकलंत म्हणजे १.२. साडेआठातून वजा केले की ७.३, तुमचं ७.१ बरोबर बसतंय. २०० लिटरला १ डिग्री वाढवायला ६ ग्रॅम खायचा सोडा. आज ४, उद्या ४ ग्रॅम, लिटरभर आरओ पाण्यात विरघळवून जिथे प्रवाह जोराचा आहे तिथे ओता. खायचा सोडा म्हणजे सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो.

पुढचे डोस: आता २ पीपीएमचा मारा बंद. १२ ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर आरओ पाण्यात करून ठेवा. त्यातले १०० मिली म्हणजे तुमच्या टाकीला २ पीपीएम. नायट्राइट उतरेपर्यंत दर तिसऱ्या दिवशी फक्त २५ मिली, बॅक्टेरिया उपाशी राहू नयेत एवढंच. ५ पीपीएमच्या वर अमोनिया कधीच नेऊ नका, त्याने काम उलट मंदावतं. आणि अमोनियम क्लोराइड प्रयोगशाळेच्या दर्जाचंच घ्या. कल्हईवाले वापरतात तो नवसागर म्हणजे तेच रसायन खरं, पण बाजारच्या वडीत आणखी काय आहे ते कोणी सांगू शकत नाही.

दिवे बंद करा. सायकलला उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो.

---

गंगापूररोड_रीफ

पाण्याचं मी लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या टाकीतला सगळ्यात मोठा दोष तोच आहे. नायट्राइट आपसूक जाईल, हे जाणार नाही.

१६८ चं पाणी चांगल्या मेम्ब्रेनमधून ८-१० होऊन बाहेर यायला हवं. ४२ येतंय याचा अर्थ मेम्ब्रेन खराब आहेच असा नाही. घरगुती आरओमध्ये चव येण्यासाठी मुद्दाम काही पाणी मेम्ब्रेनला वळसा घालून परत मिसळलेलं असतं. आतल्या बाजूला टीडीएसचा छोटा स्क्रू किंवा नॉब असतो, आणि शेवटी मिनरलची कांडी. तुम्हाला पाणी मेम्ब्रेनच्या नळीतून थेट हवंय, त्या मिसळण्याच्या आधी. तिथे टी-जोड लावून वेगळी नळी काढा आणि तिच्यावर डीआय रेझिनची (उरलेले क्षार धरणारी) कांडी बसवा. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की दिसतं. डीआयनंतर मीटरवर ० किंवा १. २ दिसायला लागलं की रेझिन बदला. संपलेलं रेझिन धरलेलं सिलिकेट आधी सोडायला लागतं.

तुमचा आरओ 'कॉपर' वाला असेल तर ते पाणी टाकीत अजिबात नको. माणसाला चालणारं तांबं गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ मारतं, आणि दगडात मुरलं की काढणं कठीण. तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणीही नको. घरात कॉपरचा आरओ असेल आणि टाकी त्याच पाण्याने भरलेली असेल तर गोगलगायी आणायच्या आधी तांब्याची टेस्ट करून घ्या.

४२ ने काय बिघडतं ते टॉप-ऑफमध्ये (उडून गेलेलं पाणी भरताना) कळतं. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागेच राहतात. उन्हाळ्यात रोज ५ लिटर भरलं तर ५ × ४२ म्हणजे २१० मिलिग्रॅम रोज, महिन्याला ६ ग्रॅमच्या वर. हा क्षार रीफ मिठातला नाही; तुमच्या नळातलं कॅल्शियम, सिलिकेट, नायट्रेट जे असेल ते. दगडावरचा तपकिरी थर म्हणजे डायटम (सूक्ष्म शेवाळ), त्याला कवच बांधायला सिलिकेट लागतं. आपला सगळा भाग काळ्या खडकाचा, पाण्यात सिलिका असतेच. बोअरचं पाणी वापरलंत तर आणखी. नव्या टाकीत डायटम कोणालाच चुकत नाहीत, पण ० टीडीएसवर दोन-तीन आठवड्यांत जातात आणि ४२ वर मुक्कामाला राहतात.

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा सेडिमेंटची कांडी महिनाभरात पिवळी होते. क्लोरीनचा वासही त्या दिवसांत जास्त. कार्बनची कांडी वेळेवर बदलली नाही तर क्लोरीन मेम्ब्रेन खातं. जुलैच्या सुरुवातीला दोन्ही बदलून टाका, वाट बघू नका.

रिंगांची पिशवी काढून टाका. गोड्या पाण्यातले बॅक्टेरिया एकदम ३५ च्या (हजारात ३५ भाग) खारटपणात काम करत नाहीत. मेले की तेच अमोनिया होतात, बरोबर गाळही. मुरलेलं माध्यम हवंच असेल तर ते चालू खाऱ्या टाकीतलं. त्याबरोबर एप्टेशिया (भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) येण्याची जोखीम असते, म्हणून मी तरी सुचवणार नाही.

रिफ्रॅक्टोमीटर कशाने शून्य केलात? नुसत्या आरओ पाण्याने ० जुळवला तरी ३५ च्या जागी चूक राहू शकते. ३६.५ ग्रॅम कोरडं बारीक मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ म्हणजे १.०२६४ दाखवायला हवं, नाहीतर स्क्रू फिरवून तिथे आणा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा मीठ तोलायला घ्या, अमोनियम क्लोराइडलाही तोच लागेल.

---

पंचवटी_अ‍ॅक्वा

एवढा खटाटोप कशाला? मुंबईला कोणी जात असेल तर चार कॅन समुद्राचं पाणी मागवा. बॅक्टेरिया आयते मिळतात. आणि सिन्नरकडे झिओलाइट (एक स्फटिकी खनिज) भरपूर, ते अमोनिया शोषतं, पिशवीत घालून सम्पमध्ये सोडा.

---

मीठ_पस्तीस

दोन्ही नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी असतं, पावसाळ्यात खारटपणा घसरतो, आणि २०० लिटर म्हणजे २०५ किलो वजन कसारा घाटातून वर आणायचं. पुढे दर महिन्याला पाणी बदलायला पुन्हा तेच.

झिओलाइट गोड्या पाण्यात अमोनियम धरतं हे खरं. पण भरलेलं झिओलाइट रिकामं करायचं असलं की ते मिठाच्या पाण्यातच बुडवतात, सोडियम अमोनियमला हुसकावून त्याची जागा घेतं. समुद्राच्या पाण्यात सोडियम १०,८०० पीपीएम, तिथे ते अमोनिया काय धरणार? शिवाय सायकलला अमोनिया हवाच आहे, शोषून टाकला तर बॅक्टेरिया खातील काय? सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले स्फटिक बघायला सुंदर आहेत, तेवढंच.

नदीची वाळू आणि इथला काळा दगडही त्याच यादीत. दगड भरीव, आत बॅक्टेरियाला घर नाही. वाळूत काय मिसळलंय ठाऊक नाही, आणि केएच धरून ठेवायला तिचा काही उपयोग नाही.

---

सातपूर_वायरमन

तापमान आणि करंटचं माझ्याकडे.

सायकलपुरतं ३०.५ चालतं, बॅक्टेरियाला ऊब आवडते. फक्त वेव्हमेकरचं तोंड वर करा, पृष्ठभाग खळबळला पाहिजे. गरम खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो, त्यात नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, म्हणजे हवेचा दाबच साधारण ७ टक्के कमी. प्रवाळ आणायचे तर मात्र ३० च्या वर दिवसचे दिवस राहून चालणार नाही. २६-२७ धरा. २८ ला स्थिर असेल तरी हरकत नाही, रोजचा अडीच अंशांचा झोका जास्त वाईट.

आधी पंखा करून बघा. एक लिटर पाणी वाफ झालं की दिवसभराचा हिशोब धरून सुमारे २८ वॅट उष्णता जाते. ५ लिटर म्हणजे १४० वॅट, छोट्या चिलरच्या निम्म्याहून जास्त काम. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून १२ सेंमीचे दोन डीसी पंखे पाण्यावर तिरके मारले तर ३ अंश सहज उतरतात. टाकीवर काचेचं झाकण असेल तर काढून जाळी लावा. पंखे थर्मोस्टॅटवर: २७ ला चालू, २६.५ ला बंद.

त्याच खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर पंख्याचा खेळ संपला. कूलर हवा ओली करतो, ओल्या हवेत बाष्पीभवन होत नाही. कूलर दुसऱ्या खोलीत, किंवा टाकीच्या खोलीची खिडकी उघडी.

५ लिटर रोज गेलं आणि भरलं नाही तर ३५ चं एका दिवसात ३५.९ होतं. तीन दिवस गावाला गेलात की काय होईल ते बघा. ऑटो टॉप-ऑफ हवाच, आणि त्याची टाकी २० लिटरचीच ठेवा. सेन्सर अडकला तर २० लिटरच जाईल. १०० लिटरचा ड्रम जोडलात तर सम्प वाहील आणि टाकी गोडी होईल. टॉप-ऑफला कायम साधं डीआय पाणी, मिठाचं कधीच नाही.

पंखे लावूनही संध्याकाळी २८.५ च्या खाली येत नसेल तर चिलर. २०० लिटरला १/१० एचपी, खोली ३६-३७ ला जात असेल तर १/६. कॅबिनेटमध्ये कोंडू नका, स्वतःचीच गरम हवा ओढत बसतो आणि बंद पडतो.

हिवाळ्याचं आत्ताच बघून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो, निफाडला तर आणखी खाली. २०० वॅटचा एक हीटर घेण्यापेक्षा १०० चे दोन, बाहेरच्या कंट्रोलरवर. हीटर बिघडतो तो बहुतेक वेळा चालू स्थितीत अडकून. १०० वॅटचा अडकला तर लक्षात यायला वेळ मिळतो, २०० चा अडकला तर टाकी शिजते.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर आणि रिटर्न. हीटर, चिलर, दिवे नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घुमतो आणि तापतो. टाकीच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोका देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोक्यावरून ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही. रिटर्न बंद करून एकदा सम्प किती चढतो तेही बघा. सम्प काठापर्यंत भरलेला असेल तर पहिल्याच लोडशेडिंगला फरशी ओली.

---

इंदिरानगर_३फुटी

सगळ्यांचे आभार. नायट्राइट १ ला ९ करून तपासलं: ०.८, म्हणजे ८. दोन दिवसांनी पुन्हा: ५. म्हणजे उतरत होतं! फॉस्फेट ०.०२. आरओ साधा निघाला, कॉपरचा नाही. थेट मेम्ब्रेनचं पाणी ९ टीडीएस, रेझिन मागवलंय. रिफ्रॅक्टोमीटर त्या द्रावणावर १.०२८ दाखवत होता, म्हणजे माझं १.०२५ प्रत्यक्षात १.०२३ च्या जवळ. पंख्यांनी संध्याकाळी २७.८.

आता मीठ वाढवू का? आणि मासे, प्रवाळ यांचा क्रम?

---

गंगापूररोड_रीफ

मीठ थेट टाकीत ओतू नका, विरघळायच्या आधी दगडावर बसतं. रेझिन आलं की ० टीडीएसचं ५० लिटर पाणी १.०२६ चं करा आणि चौथा हिस्सा बदला, आठवड्याने पुन्हा तेवढंच. जुनं ४२ वालं पाणीही त्यात पातळ होईल. उरलेला फरक टॉप-ऑफच्या जागी दोन-तीन दिवस खारं पाणी भरून काढा. टॉप-ऑफला खारं नको हा नियम मोडायची एवढीच वेळ. ड्रममध्ये आधी पाणी, मग पंप चालू, मग थोडंथोडं मीठ. थोड्या पाण्यात सगळं मीठ एकदम टाकलं तर कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाणी दुधाळ होतं आणि तळाला बसतं. ते परत विरघळत नाही.

नायट्राइट १ च्या खाली आलं की परीक्षा: १०० मिली द्रावण, २४ तासांनी अमोनिया ०.२५ च्या खाली. झालं तर टाकी तयार. आधी ५-६ गोगलगायी, आठवड्याने क्लाउनफिशची एक जोडी, पुढचा मासा त्यानंतर तीन आठवड्यांनी. बॅक्टेरिया खाण्याइतकेच असतात, एकदम चार मासे टाकले तर अमोनिया पुन्हा दिसेल. क्लाउनफिश हॅचरीतलेच मागा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही.

पिशवी मुंबईहून चार-पाच तासांत येणार. एवढ्या वेळात आत कार्बन डायऑक्साइडने पीएच पडतो आणि अमोनिया साठतो. पीएच कमी असेपर्यंत तो अमोनिया फारसा लागत नाही, पिशवी उघडल्याबरोबर पीएच चढतो आणि लागायला लागतो. म्हणून तासभर थेंब-थेंब सोडत बसायचं नाही. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा. उघडून खारटपणा मोजा, दुकानदाराला आधी विचारून वेगळ्या बादलीत तेवढ्याच खारटपणाचं पाणी तयार ठेवलेलं असावं, मासा उचलून लगेच त्यात. पिशवीचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. तीच बादली किंवा छोटी टाकी दोन-तीन आठवडे क्वारंटाइन. औषध म्हणून तांबं द्यायचं तर तिथेच, मुख्य टाकीत कधी नाही.

---

मीठ_पस्तीस

प्रवाळाबद्दल एक राहिलं. सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकडी हे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये (संरक्षित जीवांची यादी) घातले गेले. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' किंवा सजावटीचं मेलेलं पांढरं प्रवाळ हेही त्यातलंच. दुकानदार 'काही होत नाही' म्हणाला तरी घेऊ नका. मशरूम, झोआंथिड, लेदर या मऊ जातींनी सुरुवात करा, बिल मागा, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. झोआंथिड उघड्या हाताने कापू किंवा खरवडू नका, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हातमोजे, चष्मा, आणि दगड गरम पाण्यात कधीच उकळायचा नाही.

दिवे पुन्हा लावाल तेव्हा ४ तासांनी सुरू करा, दर आठवड्याला अर्धा-एक तास वाढवा. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. सुक्या दगडाच्या टाकीत दोन्ही शून्यावर नेलं की डायटमची जागा डायनोफ्लॅजेलेट घेतात, तपकिरी, दोरीसारखे, आत बुडबुडे धरलेले. त्यांच्यापेक्षा हे डायटम परवडले.

---

इंदिरानगर_३फुटी

२९ वा दिवस. दुसरा पाणीबदल झाला. नायट्राइट ०.४. १०० मिली रात्री ९ वाजता टाकले, आज रात्री ९ ला अमोनिया ०.१. नायट्रेट आता १०. गोगलगायी रविवारी.

---

सातपूर_वायरमन

गोगलगायी आणायच्या आधी टॉप-ऑफच्या नळीचं टोक सम्पच्या पाण्याच्या वर आहे ना, ते बघा. पाण्यात बुडालेलं असेल तर सायफन होऊन उलटं जातं.